पाचकोन कुठे घालायचा: बांबूच्या षट्कोनी विणीतून दिवा आणि वेलमांडव

कोंबड्या झाकायचे मोठ्या भोकांचे डालगे हातात घ्या आणि त्याची भोके मोजा. माथ्याला, भिंतीला बहुतेक भोके सहा कडांची दिसतील. माथा संपून भिंत जिथे खाली वळते, तिथे मात्र काही भोके पाचच कडांची असतात. विणणाऱ्याने तिथे साचा वापरलेला नसतो, पट्टी तापवून वाकवलेलीही नसते. त्याने त्या भोकाला एक पट्टी कमी दिली आणि विणीने स्वतःहून वळण घेतले.

बांबूच्या हलक्या कामात ही गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यावी. आकार जोर लावून येत नाही, एका भोकाभोवती किती पट्ट्या घेतल्या यावरून येतो. हे एकदा हाताला कळले की पंचवीस सेंटिमीटरचा दिव्याचा टोप आणि सव्वादोन मीटरचा वेलमांडव यांत फरक उरतो तो फक्त मापाचा. खाली दोन्ही दिले आहेत.

हीच वीण का

चौकडीची वीण (एक वर, एक खाली) आणि तट्ट्याची तिरपी वीण (दोन वर, दोन खाली) दाट पृष्ठभागासाठी आहेत. सूप, रोवळी, कणगी यांना दाटपणाच हवा, कारण दाणा गळता कामा नये. पण मोकळ्या तट्ट्याचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढून पाहा. चौकोनाची शंकरपाळी होते. पट्ट्या दोनच दिशांना असल्यामुळे त्या एकमेकींवर फिरतात. म्हणून तट्ट्याला चौकट लागते, आणि मग वस्तूचे बरेचसे वजन त्या चौकटीचेच असते.

षट्कोनी विणीत पट्ट्या तीन दिशांना जातात. दर दोन षट्कोनांमध्ये बारीक त्रिकोण तयार होतात, आणि त्रिकोण तिरका होत नाही. त्यामुळे चौकट नसली तरी वीण ताठ राहते. शिवाय घट्ट षट्कोनी विणीला लागणारी पट्टी तेवढ्याच क्षेत्राच्या दाट चौकडीच्या विणीपेक्षा बरोबर निम्मी असते. वजन कमी करायला पट्टी बारीक करत जाणे हा चुकीचा रस्ता आहे. आधी वीण बदलावी.

मापाचे नियम

पहिला नियम अंतराचा. एका दिशेच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर पट्टीच्या रुंदीच्या तिप्पट ठेवले, तर त्रिकोण पूर्ण मिटतात आणि पट्ट्यांच्या कडा एकमेकींना टेकतात. षट्कोनाचे भोक तेव्हा पट्टीच्या दुप्पट रुंद असते. म्हणजे ६ मिमी पट्टीला १८ मिमी अंतर आणि १२ मिमीचे भोक. याहून घट्ट वीण होत नाही, कितीही आवळा. तिप्पट ते साडेतीनपट या मर्यादेत वीण स्वतःच्या घर्षणावर उभी राहते. चौपटीच्या पुढे गेलात तर पट्ट्या सरकतात, तेव्हा प्रत्येक छेदाला, म्हणजे दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथे, बंध द्यावा लागतो.

दुसरा नियम वळणाचा. सहा पट्ट्यांच्या भोकाभोवती वीण सपाट राहते. पाच पट्ट्यांनी ती फुगते. सात पट्ट्यांनी घोड्याच्या खोगिरासारखी दोन्हीकडे वळते; टोपलीचे तोंड बाहेर पसरट हवे असेल तर काठाजवळ सातकोन घालतात. सपाट विणीत मध्यभागी एकच पाचकोन घातला तर साधारण ३४ अंश उताराचा शंकू होतो. पाचकोनाऐवजी मध्ये चौकोन ठेवला तर उतार ४८ अंश, त्रिकोण ठेवला तर ६० अंश. इरल्यासारखे पावसाचे काही करायचे असेल, तर कोकणातल्या पावसासाठी चौकोनाने सुरुवात करावी. ३४ अंशांवर पाणी थबकते आणि खालची वीण कुजते.

सहा पाचकोन झाले की भिंत सरळ उभी होते. बारा झाले की चेंडू बंद होतो, मग तो बोराएवढा असो की घराएवढा.

तिसरा नियम जाडीचा. वळणाची त्रिज्या पट्टीच्या जाडीच्या निदान पन्नासपट हवी. जी वस्तू वर्षानुवर्षे ताणाखाली उभी राहणार, तिच्यासाठी शंभरपट धरा. १ मिमी पट्टी ५ सेंमी त्रिज्येत बसते. ८ मिमी कामटीला ८० सेंमीपेक्षा मोठे वळण द्या. मोडलेली कामटी बहुतेक वेळा बांबू वाईट म्हणून मोडलेली नसते, या हिशेबात चुकलेली असते.

बांबू निवडताना

बांबूच्या नावांवर फार विसंबू नका. काटस, कळक, कटांग ही एकाच काटेरी बांबूची नावे गावागणिक बदलतात, मेस आणि चिवा यांचा घोळ तर तालुक्यागणिक आहे. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव, बिनकाट्याचा आणि सरळ असतो. खांब, कमान, खुर्चीचे पाय, दांडे यांना तो उत्तम. पण त्याची पेरे आखूड आणि आत पोकळी जवळपास नाही, त्यामुळे पातळ पट्ट्या काढताना जीव जातो. विदर्भातला मानवेल काडीला आणि कामटीला दोन्हीकडे चालतो, फक्त त्यातला पोकळ निघालेला निवडून घ्यावा लागतो. विणकामासाठी नावापेक्षा बघायचे ते असे: दोन गाठींमधले पेर ३० सेंमी किंवा जास्त, गाठ बाहेर न फुगलेली, काठी सरळ.

वय फार महत्त्वाचे. पातळ पट्टीसाठी एक ते दोन वर्षांची काठी. भार घेणाऱ्या कामटीसाठी आणि खांबासाठी तीन ते पाच वर्षांची. पहिल्या वर्षाची काठी तुकतुकीत हिरवी असते, अंगावर पांढरी भुकटी असते आणि कोंबाची खरखरीत आवरणे गाठींना चिकटलेली असतात. तीन वर्षांनंतर आवरणे गळतात, रंग मळका पिवळट होतो, सालीवर शेवाळाचे पांढुरके डाग येतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकले की आवाज खणखणीत येतो.

तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करावी. पावसात कोंब वाढत असतात, तेव्हा तोडले तर बेटही दुखावते आणि काठीही लवकर किडते. जमिनीवरची पहिली गाठ सोडून तिच्या लगेच वर कापा. पेराच्या मध्ये कापले तर खुंटाची वाटी होते, तिच्यात पाणी साचते आणि कूज मुळांत उतरते. स्वतःच्या बांधावरचे बेट असेल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत झाड राहिलेला नाही, त्यामुळे त्या कायद्याखालचा वाहतूक परवाना लागत नाही. वनातल्या बांबूला हे लागू नाही.

चिरणे

सगळ्या कामात खरे कसब इथे आहे, म्हणून घाई करू नका. शेंड्याकडच्या टोकावर कोयता मधोमध ठेवून लाकडी दांडक्याने ठोका आणि काठीचे दोन सारखे भाग करा. मग प्रत्येकाचे दोन, पुन्हा दोन. नेहमी अर्धे करत जायचे. एका कडेने एकेक पट्टी सोलायला गेलात तर चीर हमखास पातळ बाजूला पळते, कारण बारीक बाजू सहज वाकते आणि जाड वाकत नाही.

अर्धे करतानाही चीर कधी बाजूला जाते. ती परत मध्यावर आणायचा उपाय हातात असतो: जी बाजू जाड झाली आहे ती जास्त वाकवा आणि पातळ बाजू सरळ धरा. चीर जास्त वाकलेल्या बाजूकडे सरकते. बुरूड बसल्या बसल्या डाव्या पायाच्या अंगठ्यात एक फाक दाबतो आणि दुसरी हाताने उचलतो, तेव्हा तो हेच करत असतो. बघणाऱ्याला तो नुसता ओढतोय असे वाटते, पण त्याचा हात प्रत्येक गाठीपाशी क्षणभर थांबतो, दोन्ही फाकांची जाडी बोटाने चाचपतो आणि मग पुढे जातो. गाठीत तंतू वेडेवाकडे असतात आणि चीर तिथेच रस्ता सोडते.

६ सेंमी व्यासाच्या काठीचा घेर सुमारे १९ सेंमी. चार वेळा अर्धे केले की १६ फाका, प्रत्येकी जेमतेम १२ मिमी. घासून तासून त्यांच्या १० मिमी पट्ट्या होतात. आता प्रत्येक फाक जाडीत चिरा. बाहेरची पाठ, म्हणजे साल धरून १ मिमीचा थर, सर्वांत चिवट असतो कारण बांबूचे तंतू बाहेरच्या बाजूला दाटलेले असतात. तिच्या आतला दुसरा थर विणीत चालतो, फक्त त्याला चमक नसते. त्याच्या आतले पोट मऊ असते, ते विणीत घालू नका. चुलीला द्या किंवा कामट्यांमध्ये पाचर म्हणून ठेवा.

रुंदी सारखी करायला एक सोपे साधन घरी होते. लाकडी ओंडक्यात दोन धारदार सुऱ्या उभ्या ठोका, धारा समोरासमोर, मध्ये १० मिमी जागा. पट्टी मधून ओढली की दोन्ही कडा तासून निघतात. जाडीसाठी मांडीवर जाड चामड्याचा किंवा गोणपाटाचा तुकडा ठेवा, सुरी त्यावर स्थिर दाबा आणि पट्टी पोटाच्या बाजूने तिच्याखालून ओढा. सुरी हलवायची नाही, पट्टी ओढायची. साल तासू नका. पट्टी दोन टोके धरून वाकवली तर कमान गोल यायला हवी. कुठे सपाट दिसली तर तिथे जाड आहे, कुठे टोक काढले तर तिथे पातळ. ही चाचणी प्रत्येक पट्टीची करायची, कारण एक जाड पट्टी सगळा घुमट आपल्याकडे ओढते.

कीड, बुरशी आणि पाणी

बांबूत पिष्ट असते आणि बारीक भुंगा त्यासाठीच येतो. वस्तूखाली पिवळसर पीठ पडायला लागले की समजा उशीर झाला.

पारंपरिक उपाय म्हणजे काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणे. पिष्ट कुजून निघून जाते. वास येतो, पण काम होते. दुसरा उपाय टाकणखाराचा: १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक अॅसिड. पाणी कोमट घ्या, नाहीतर पावडर तळाशी बसते. १ मिमी पट्ट्या एक दिवस, ८ मिमी कामट्या चार-पाच दिवस पूर्ण बुडालेल्या राहू द्या, वर दगड ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उन्हात टाकू नका. दोन दिवस गोणपाटाखाली झाकून ठेवले की द्रावण आतपर्यंत मुरते. मग सावलीत वाळवा. रोवळी, सूप, भाकरीची दुरडी अशा खाण्याच्या वस्तूंना हे द्रावण वापरू नये. त्यांना पाण्यात भिजवणे आणि चुलीवरचा धूर हेच बरोबर. उरलेले द्रावण झाडांच्या मुळाशी ओतू नका, जास्त बोरॉनने झाड जळते.

पावसात उघड्यावर राहणाऱ्या बांबूतले हे द्रावण हळूहळू धुऊन जाते. म्हणून बाहेरच्या कामाला वाळल्यावर जवसाच्या तेलाचे दोन हात द्या. काजूच्या टरफलांचे तेल, जे किनाऱ्यावर होड्यांना लावतात, ते वाळवीला जास्त भारी पडते. पण अंगावर उडाले तर फोड येतात, हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

ओल्या पट्टीने विणू नका. बांबू वाळताना रुंदीला आकसतो, आणि ओली घट्ट विणलेली वस्तू महिन्याभरात खुळखुळते. पट्टी आधी पूर्ण वाळवा, मग विणण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात ठेवून ओल्या फडक्यात गुंडाळा. मऊपणा येतो, फुगवटा फारसा येत नाही.

आधी सहा पट्ट्यांचा चेंडू

हा चेंडू वगळून थेट दिव्याकडे जाऊ नका. जाड कार्डाच्या किंवा प्लास्टिकच्या ६ पट्ट्या घ्या, १५ मिमी रुंद, ३० सेंमी लांब. प्रत्येकीवर टोकापासून २.६ सेंमीच्या अंतराने खुणा करा. दहा घरे झाली की २६ सेंमी, उरलेले ४ सेंमी जोडाला. पाच पट्ट्यांचा पाचकोन मांडा: प्रत्येकीचे उजवे टोक शेजारणीच्या वर, डावे टोक दुसऱ्या शेजारणीच्या खाली, खोक्याची झाकणे एकमेकांत अडकवतो तशी. पुढच्या छेदाला प्रत्येक पट्टी उलट: वर होती ती खाली, खाली होती ती वर. सहावी पट्टी आडवी, सगळ्यांना वळसा घालून, आणि तिच्यानंतर खालचा पाचकोन त्याच पाच पट्ट्यांनी मिटतो. बारा पाचकोन, वीस त्रिकोण, साधारण सव्वाआठ सेंटिमीटरचा चेंडू. दक्षिणपूर्व आशियात सेपाक तक्रॉ हा खेळ ज्या पारंपरिक वेताच्या चेंडूने खेळत, तो याच विणीचा.

चुकले की नाही ते पाहायची खूण: कोणताही बारीक त्रिकोण घ्या. त्याच्या तीन पट्ट्यांपैकी प्रत्येक एकीच्या वर आणि एकीच्या खाली असली पाहिजे. एखादी दोघींच्या वर दिसली तर तिथे वीण उसवा. पुढे जाऊन हे सुधारता येत नाही.

दिव्याचा टोप, सुमारे २५ सेंमी

साहित्य: १० मिमी रुंद, १ मिमी जाड पाठीच्या पट्ट्या, ६५ सेंमीच्या २० आणि ९० सेंमीच्या २. काठासाठी १२ मिमी रुंद, २ मिमी जाड पट्ट्या ९० सेंमीच्या २. कपडे वाळत घालायचे ३०-४० चिमटे. पट्ट्यांमधले अंतर ३३ मिमी, म्हणजे दोन छेदांमधले अंतर १९ मिमी.

वीसही पट्ट्यांवर एकसारख्या खुणा करा: मध्यापासून दोन्हीकडे साडेनऊ मिमीवर पहिली, पुढे दर १९ मिमीवर. पेन्सिलीने पोटाच्या बाजूला करा, पाठीवर डाग दिसतो. साल नेहमी बाहेरच्या अंगाला ठेवा, तिथेच ताण पडतो आणि साल ताण सहन करते.

पहिल्या पाच पट्ट्यांचा पाचकोन मांडा आणि लगेच चिमटे लावा. दुसऱ्या फेरीत पाच पट्ट्या, प्रत्येक पहिल्या फेरीतल्या एकीला समांतर, ३३ मिमी बाहेर. फेरी पूर्ण झाली की पाचकोनाभोवती ५ षट्कोन दिसतात. तिसऱ्या फेरीच्या पाच पट्ट्यांनी १० षट्कोनांचे कडे, चौथ्या फेरीने १५ षट्कोनांचे. इथपर्यंत वीण उथळ टोपीसारखी दिसेल. ती सपाट दाबायचा मोह आवरा.

पाचवी फेरी वेगळी आहे. इथे पाच पट्ट्या नाहीत, ९० सेंमीची एकच सलग कडी आहे. वरच्या पाचकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यातून सरळ खाली उतरा, तीन षट्कोन मोजा. चौथे भोक ही कडी पाच कडांत मिटवते. अशी पाच भोके पाचकोन, मधली सगळी षट्कोन. कडी आवळल्याबरोबर पसरट टोपी वळून घुमट होते आणि भिंत उभी राहते. दुसरी कडी ३३ मिमी खाली, ती सगळे षट्कोनच करते. कड्यांचा जोड १० सेंमी एकावर एक, टोके विणीखाली दडवून.

काठाला पट्ट्यांची टोके दोन जाड पट्ट्यांमध्ये, एक आतून एक बाहेरून, धरा आणि पाठीच्या बारीक पट्टीने किंवा पितळी तारेने दर ३ सेंमीवर आवळा. मगच टोके कापा. आधी कापून मग काठ लावायला गेलात तर चार-दोन टोके आखूड पडतातच.

वायर वरच्या पाचकोनातून येते, होल्डर आत. एलईडी बल्बच लावा, ९ वॅटपर्यंतचा. काचेच्या तारेच्या बल्बने पट्ट्या आधी तपकिरी होतात आणि नंतर धोका असतो.

घुमट एका अंगाला कलला असेल तर पट्ट्या ओढत बसू नका. पाचकोन मोजा. एखादा एक घर वर किंवा खाली पडलेला असतो, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय काहीही सरळ होणार नाही. पट्टी छेदापाशी तडकली असेल तर बघा, गाठ बरोबर छेदावर आली असेल. विणण्याआधी पट्टी पुढेमागे सरकवून गाठ दोन छेदांच्या मध्ये आणा आणि तिची आतली बाजू थोडी तासा.

वेलमांडव, व्यास २.२ मीटर

दोडका, कारली, घोसाळी, वाल यांच्यासाठी हा मांडव पुरतो. भोपळा आणि कोहळा चढवू नका, त्यांच्या फळांचे वजन एकाच जागी येते.

कामटी ३२ मिमी रुंद, ८ मिमी जाड. बुंध्याशी ९ सेंमी व्यासाच्या काठीचे ८ भाग केले की ही रुंदी मिळते. ६ मीटरच्या १० कामट्या, आणि तीन कड्यांसाठी साडेचार मीटरच्या ६. चांगल्या दोन काठ्यांत बसते, पण तीन घ्या, एखादी काठी वाकडी चिरली जातेच. बांबू शेंड्याकडे निमुळता होतो, म्हणून शेजारशेजारच्या कामट्यांची बुंधा-शेंडा तोंडे उलटसुलट ठेवा. सगळे बुंधे एकीकडे आले तर घुमट त्या बाजूला ताठ आणि दुसरीकडे लुळा होतो.

कामट्यांमधले अंतर ६० सेंमी. दहाही कामट्यांवर मध्यापासून १७.३ सेंमीवर पहिली खूण, पुढे दर ३४.६ सेंमीवर. बंधांसाठी ४ मिमी सुंभ १७० मीटर आणि तात्पुरत्या गाठींसाठी सुतळी. १२ मिमी लोखंडी सळईचे १० तुकडे, प्रत्येकी ७५ सेंमी.

जमिनीवर २.२ मीटर व्यासाचे वर्तुळ आखा, घेरावर दर ६९ सेंमीवर एक अशा दहा खुणा करा. प्रत्येक खुणेवर पहारीने भोक पाडून सळई ४५ सेंमी आत ठोका, ३० सेंमी वर ठेवा. जांभ्यात भोक पाडायला वेळ जातो, पण सळई नंतर हलत नाही.

विणायला वर्तुळाच्या मध्ये सुरुवात करा. पाच कामट्यांचा पाचकोन, मग दुसऱ्या फेरीच्या पाच. इथे फेऱ्या दोनच आहेत, त्यामुळे माथ्याच्या पाचकोनापासून खालच्या प्रत्येक पाचकोनापर्यंत मध्ये एकच षट्कोन येतो. प्रत्येक छेद सुतळीने एका गाठीत बांधा. सुंभ अजून वापरू नका, कारण घुमट उचलताना सगळे छेद थोडेथोडे सरकतात आणि ते सरकू द्यायचे असतात. माथ्याखाली गोणपाट गुंडाळलेला १.८ मीटरचा सोट द्या आणि तीन-चार जणांनी टोके हळूहळू आत ढकला. एकट्याने एका बाजूने ढकलले तर समोरची कामटी मोडते.

मग पहिली कडी, जी पाच पाचकोन मिटवते. दुसरी कडी तिच्या ६० सेंमी खाली. कडीचा घेर ७ मीटरच्या जवळपास, दोन कामट्या जोडून करायची, प्रत्येक जोडाला एक मीटर एकावर एक आणि तीन बंध. दोन कड्यांचे जोड एकाखाली एक आणू नका. दुसऱ्या कडीच्या ३० सेंमी खाली तिरप्या कामट्या दोन-दोन करून एकमेकींना छेदतात. असे दहा छेद, आणि दहाच सळया. हिशेब जुळला आहे याची ही खूण. तिसरी कडी या छेदांवरून जाते, आणि तिन्ही कामट्या मिळून सळईला बांधल्या जातात. कामटीची टोके जमिनीपासून ५ ते ८ सेंमी वर कापा. मातीत पुरलेला बांबू एक-दोन पावसाळ्यांत वाळवी आणि कूज खाते.

आता लांबून गोल फिरून पाहा. षट्कोन सारखे दिसेपर्यंत छेद सरकवा. मगच सुंभाचे पक्के बंध, प्रत्येक छेदाला दीड मीटर, दोन तिरपे वळसे आणि शेवटी कामट्यांच्या मधून दोन आडवे फास, म्हणजे बंध आवळला जातो. खिळे ठोकू नका, कामटी तंतूंच्या रेषेत फाटते. कुठे बोल्ट द्यायचाच असेल तर आधी ड्रिलने भोक, दोन्हीकडे वॉशर.

दारासाठी माणग्याची अखंड कमान, ७५ सेंमी रुंद, दीड मीटर उंच, पायथ्याशी सळयांना बांधलेली. तिच्या आड येणाऱ्या वरच्या दोन कड्या आणि कामट्या कमानीला बांधून झाल्यावरच कापा, आधी नाही. पायथ्याची कडी दारातही सलग ठेवा, उंबऱ्यासारखी. ती कापली तर पायथा पसरतो आणि पायथा पसरला की घुमट बसतो. दीड-दोन महिन्यांत माथा खाली आलेला दिसला तर दोष माथ्यात शोधू नका, पायथ्याची कडी तपासा.

सगळा सांगाडा वीस-पंचवीस किलो भरतो. याचा अर्थ तो वजनाखाली दबण्यापेक्षा वाऱ्याने उचलला जाण्याची भीती जास्त. मे अखेरच्या वावटळीआधी वर ताडपत्री असेल तर काढा. सावलीची जाळी चालते, वेल सगळ्यात चांगला, कारण वारा त्यातून जातो. माणसे खाली राहतील असे कायमचे छप्पर करायचे असेल, तर हा अंदाज पुरेसा नाही. त्यासाठी बांबूच्या बांधकामाचे भारतीय मानक आयएस १५९१२ आहे, त्यानुसार अभियंत्याकडून हिशेब करून घ्यावा.

वेलांची आळी पायथ्यापासून फूटभर बाहेर करा, म्हणजे पाणी कामट्यांच्या टोकांवर पडत नाही. बांधल्यावर महिन्याने सगळे बंध पुन्हा आवळा, वाळताना ते थोडे सैल होतातच. दर वर्षी दसऱ्यानंतर वेल उतरवले की प्रत्येक कामटी अंगठ्याच्या नखाने दाबून पाहा, विशेषतः छेदांखाली, जिथे पाणी अडते. नख रुतले तर ती कामटी बदला. मांडव उतरवायची गरज नाही: तिच्या वाटेवरचे बंध सोडा, जुन्या कामटीच्या टोकाला नवीचे टोक सुतळीने घट्ट बांधा आणि जुनी दुसरीकडून ओढा. नवी तिच्याच वाटेने, तशीच वर-खाली होत, आत सरकते.